दोनशे वीस भात

मराठी भाषेत ‘हुंडणावळ’ असा एक भारदस्त शब्द आहे. एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोहोचता करण्याबद्दल सावकार जी मजुरी घेई तिला हुंडणावळ म्हणत, आणि एका टाकसाळीचा रुपया दुसऱ्या टाकसाळीच्या मुलखात वटवताना सराफ जी कात्री लावी तिला बट्टा म्हणत. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, हैदराबादेचा हाली शिक्का, अशी रुपयाचीच इतकी कुळे नांदत होती की, नुसते ‘माझ्याजवळ शंभर रुपये आहेत’ असे म्हणणाऱ्या माणसाने काहीच सांगितलेले नसे. कोणते शंभर, हा प्रश्न सराफ चष्मा सावरून विचारीच. काशीयात्रेस निघालेला गृहस्थ पुण्याच्या पेढीवर रोकड भरून काशीच्या पेढीवरची हुंडी कनवटीला लावी. ती दर्शनी असली तर दाखवताक्षणी पैसे मिळत, मुदती असली तर मुदत भरल्यावर मिळत. यात मला विशेष हृद्य वाटते ते हे की, सावकार आपली हुंडणावळ यात्रेकरूच्या तोंडावर सांगे, यात्रेकरू ती ऐकून पागोटे काढून कपाळाचा घाम पुशी, दोघे घटकाभर घासाघीस करीत, आणि अखेर प्रत्येक जण दुसऱ्याला आपण फसवले अशा समाधानाने उठे. पुढे ती पेढी गेली, आणि तिच्या जागी भिंतीत बसवलेले एक यंत्र आले. दर्शनी हुंडीचे काम ते बिनबोभाट करते, परंतु घासाघीस मात्र त्याच्याशी करता येत नाही. हे झाले माझे मत. आमच्या साडूभाऊंना ते मान्य नाही.

साडूभाऊंची सारी हयात कोषागारात गेली. शासनाच्या तिजोरीतून एक पैही अकारण बाहेर पडू नये या एकाच चिंतेत त्यांनी चौतीस वर्षे काढली, आणि नियत वयोमानानुसार ते जेव्हा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याबरोबर ती चिंता निवृत्त न होता केवळ शासनाकडून घराकडे बदलून आली. गेल्या वर्षी आमच्या सौभाग्यवती आणि त्यांच्या वडील भगिनी, म्हणजे साडूभाऊंच्या सौभाग्यवती, ज्यांना आम्ही सगळेच ताई म्हणतो, या उभयतांनी बँकॉक पाहण्याचा ठराव एकमताने संमत केला, तेव्हा ठरावाची अंमलबजावणी साहजिकच साडूभाऊंकडे आली. त्यांनी दोनशे पानी वही काढली, तिच्यावर ‘परदेशगमन : तसलमात व खर्च’ असे मथळ्याचे अक्षर घातले, आणि पहिल्याच पानावर, म्हणजे जेथे आपण ‘श्री’ लिहितो त्याच्या बरोबर खाली, शत्रुपक्षाची मोजदाद केली.

शत्रुपक्ष मोठा होता. परदेशातील यंत्रातून आपल्या कार्डाने पैसे काढले की प्रथम त्या यंत्राची मालक असलेली बँक आपला वाटा घेते. थायलंडात ही प्रथा २००९ च्या सुमारास १५० बाथांपासून सुरू झाली, ती पुढे बहुतेक ठिकाणी २२० वर आली. (त्या देशाच्या नाण्याचा उच्चार आमच्या सौभाग्यवती आरंभापासून अखेरपर्यंत ‘भात’ असा करीत होत्या, आणि दोनदा-तीनदा दुरुस्ती सुचवल्यावर मीही तो स्वीकारला, पुढे लिहिताना तोच कायम ठेवतो.) हे दोनशे वीस भात तुम्ही एक हजार काढा की वीस हजार काढा, सारखेच, पाहुण्याची ऐपत न पाहता ताट मांडावे तसे. त्यानंतर आपली घरची बँक जागी होते. ती परकीय चलनाच्या भावावर आपला साडेतीन टक्क्यांच्या आसपास चढाव लावते, वर दर खेपेस शे-दीडशे रुपयांचे शुल्क घेते, आणि या साऱ्यावर १८ टक्के जीएसटी घेऊन राज्यशकटालाही त्यात सामील करून घेते.

साडूभाऊंनी मला जवळ बसवून हिशेब मांडून दाखवला. भाव सोयीसाठी एका भातास अडीच रुपये धरला. दोन हजार भात काढले, म्हणजे पाच हजार रुपये. त्यावर यंत्राचे २२० भात, म्हणजे ५५० रुपये. चढाव २२२० भातांवर, कारण यंत्राच्या मजुरीवरही आपली बँक चढाव घेते, म्हणजे १९४ रुपये. खेपेचे शुल्क १५० धरले. आणि या शेवटच्या दोहोंवर कर ६२ रुपये. एकूण ९५६.

“पाच हजारांवर नऊशे छप्पन्न,” साडूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “शेकडा एकोणीस. पठाण बरा होता.”

“आणि एकदम वीस हजार काढले तर?”

“तर अठ्ठावीसशे चौदा. म्हणजे पन्नास हजारांवर शेकडा साडेपाचच्या थोडे वर. तेव्हा काढायचे तर एकदाच, आणि दाबून काढायचे. पण आपण काढणारच नाही.”

काढणारच नाही, या प्रतिज्ञेचा आधार म्हणजे ताईंच्या देवघरातील डॉलर. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, न्यू जर्सीत असतो. तिकडच्या मराठी मंडळींनी आहेराची पद्धत समुद्रापार नेली आहे, एवढेच नव्हे तर वरचा रुपयाही नेला आहे. शंभराच्या नोटेबरोबर एकाची नोट घालून एकशे एक डॉलरांचे पाकीट देतात. भाच्याच्या लग्नातील अशी कित्येक पाकिटे ताईंनी इकडे आणून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली होती. बँक नाही, चढाव नाही, शुल्क नाही. थेट देवघरातून बँकॉकच्या सराफाच्या हाती. साडूभाऊंच्या मते ही योजना लेखापरीक्षणाच्या कोणत्याही कसोटीस उतरली असती.

मला या प्रसंगी त्या जुन्या पिढीची आठवण झाली, जी साठ-सत्तरच्या दशकात खिशात आठ डॉलर घेऊन विलायतेस किंवा अमेरिकेस जात असे, कारण परकीय चलनाच्या दुष्काळात सरकार तेवढेच मंजूर करी. आठ डॉलरांत विमानतळावरून शहरात पोहोचणेही कठीण, त्यामुळे ती मंडळी पैशाऐवजी पत्ते घेऊन निघत: कुणाच्या आत्येभावाचा पत्ता, कुणाच्या वर्गमित्राचा पत्ता. त्यांना शुल्काची चिंता नव्हती. शुल्क लागण्याजोगी रक्कमच जवळ नव्हती. आज रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेऊ देते, आणि आम्ही दोनशे वीस भातांसाठी रात्र रात्र जागतो. त्या पिढीशी तुलना करून लाज वाटावी, अशी माझी अपेक्षा होती, वाटली नाही.

बँकॉकच्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी आहे, ही गोष्ट ताईंना फार आवडली. सामान घेऊन बाहेर पडताच ओळीने चलन बदलून देणाऱ्यांची दालने लागली, आणि प्रत्येकावर ‘दलाली नाही’ अशी पाटी होती. साडूभाऊ त्या पाटीपुढे उभे राहून मंद हसले. लाचेचा गुन्हेगार ‘मी चहासुद्धा घेत नाही’ म्हणाला की असे हसण्याची त्यांची जुनी सवय आहे. दलाली नाही, हे अक्षरशः खरे असते. ती भावात विरघळवलेली असते, दुधातल्या पाण्यासारखी. ओळखण्याची रीत इतकीच की, घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव शेजारी शेजारी लिहिलेले असतात, त्यांतले अंतर पाहावे. येथे ते अंतर हातभर होते. “खाली जायचे,” साडूभाऊ म्हणाले. तळघरात, जेथून शहराकडे जाणारी आगगाडी सुटते, तेथे काही छोटी दालने आहेत आणि त्यांचा भाव पुष्कळच सरळ असतो, हा शोध त्यांनी पुण्यातच लावून ठेवला होता. सुवर्णभूमीत सोने पाताळात असावे, यात मला तरी काही विसंगत वाटले नाही.

तळघरातील खिडकीशी वीस-बावीस वर्षांची एक मुलगी बसली होती. तिच्या डोक्यावरील फलकावर डॉलरचे तीन भाव होते: शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटेस सर्वांत चांगला, मधल्या नोटांस त्याहून कमी, आणि एक-दोनच्या नोटांस सर्वांत हीन. साडूभाऊंना हे नवीन होते. डॉलर हा डॉलर, या अद्वैत सिद्धांतावर त्यांची सारी योजना उभी होती, आणि येथे तर अंकुशी-चांदवडीचा भेद साक्षात काचेवर टांगलेला होता. आहेराच्या वरच्या एकेका डॉलराची गड्डी त्यांनी मुकाट्याने पुन्हा पिशवीत घातली आणि शंभराच्या नोटा पुढे सरकवल्या.

मुलीने पहिली नोट उचलली, उजेडासमोर धरली, खाली ठेवली. दुसरी उचलली, तिच्यावर तिची नजर थबकली. तिने नोट काचेजवळ आणली आणि तर्जनीच्या नखाने एका जागी हलकेच खरवडले. आम्ही वाकून पाहिले. नोटेवरील बेंजामिन फ्रँकलिनच्या विशाल भालप्रदेशावर, दोन भुवयांच्या किंचित वर, कुंकवाचा टिळा होता. आणि उजव्या कानाजवळ हळद. ताईंनी गेल्या लक्ष्मीपूजनाला परदेशी लक्ष्मीचीही यथासांग पूजा केली होती. त्या तेजस्वी तिलकाने तो गृहस्थ पेशवाईतील एखादा कारकून दिसत होता, आणि जन्मभर काटकसरीचा उपदेश करणाऱ्या माणसाला तो शोभतही होता. परंतु मुलीने मान हलवली. डाग असलेली नोट घेता येणार नाही. तिसरीही नाही. चौथ्या नोटेवर अक्षत चिकटलेली होती.

“अहो, कुंकू आहे ते, डाग कसला?” ताई म्हणाल्या, मराठीतच. थायलंडातील मुलीला मराठी येत नसले तरी तो स्वर समजला असावा, कारण तिने दोन्ही हात जोडून नमस्कार केला. पण नोटा परत दिल्या. सोळा नोटांपैकी केवळ पाच पूजेतून सुटल्या होत्या, त्या वटल्या. बाकीच्या अकरा साडूभाऊंनी वहीत ‘नामंजूर, कारण : धार्मिक’ अशा सदरी नोंदवल्या.

पाच नोटांचे भात चार माणसांना चार दिवस पुरले, ते साडूभाऊंच्या देखरेखीमुळे. पाचव्या दिवशी सकाळी, चाओ फ्राया नदीच्या धक्क्याजवळ, प्रतिज्ञा मोडण्याची वेळ आली. रस्त्याच्या कडेला यंत्र होते. पहिल्यांदा मी माझे कार्ड घातले, आणि यंत्राने ते शांतपणे परत केले. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने नवे कार्ड केवळ देशांतर्गत चालते. परदेशासाठी त्याचा दरवाजा ग्राहकाने स्वतः उघडावा लागतो. साडूभाऊंनी ही सूचना मला निघण्यापूर्वी तीनदा दिली होती, आणि यावेळी त्यांनी तिची आठवण करून न देता नुसते आकाशाकडे पाहिले, हे त्यांचे सौजन्य.

आता त्यांचे कार्ड. गुप्त आकडा टाकताना त्यांनी आम्हा तिघांना पाठ फिरवायला लावली. या चार आकड्यांची कथा मला नेहमी गंमतीची वाटते. पैसे देणारे पहिले यंत्र लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेने २७ जून १९६७ रोजी बसवले; ते रचणारे जॉन शेफर्ड-बॅरन हे आपल्या शिलाँगला जन्मलेले. तेव्हा कार्ड नव्हते, किंचित किरणोत्सर्गी कार्बनचा लेप दिलेली चिठ्ठी यंत्रात घालावी लागे, आणि एका चिठ्ठीस दहा पौंड मिळत. गुप्त आकडा सहा अंकी असावा, असा त्यांचा विचार होता. पण स्वयंपाकघरातील टेबलाशी त्यांनी पत्नीला विचारले, तेव्हा ती म्हणाली की मला चारच अंक लक्षात राहतात. तेव्हापासून जगातील असंख्य माणसे त्या बाईच्या स्मरणशक्तीच्या मापाने पैसे काढीत आहेत. ताईंना हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, “म्हणजे एका तरी नवऱ्याने बायकोला विचारले.”

यंत्राने रक्कम विचारली. साडूभाऊंनी दहा हजार भात सांगितले. यंत्राने नम्रपणे कळवले की २२० भात शुल्क पडेल, मान्य आहे काय? साडूभाऊंनी डोळे मिटून मान्य केले. आणि मग पडद्यावर असे काही उमटले की, आमच्या सौभाग्यवती आनंदाने जवळजवळ ओरडल्याच: “अगबाई, आपले रुपये!”

खरोखरच आपले रुपये होते. परक्या मुलखात, दमट उन्हात, ज्या लिपीचे एक अक्षर वाचता येत नाही अशा पाट्यांच्या गर्दीत, त्या काचेवर आपल्या रुपयाचे चिन्ह झळकत होते, आणि खाली आकडा: २७,४८०. यंत्र म्हणत होते की, हिशेब तुमच्या मायदेशी चलनातच करू काय? भाव येथेच ठरेल, पुढे अनिश्चितता नाही. हिरवे बटण ‘होय’ म्हणण्यास. आणि ‘नाही’ म्हणण्यास कोपऱ्यात एक फिकट बटण, जे शोधल्याखेरीज सापडू नये. मी प्रांजळपणे कबूल करतो की माझा हात हिरव्याकडे निघाला होता. ज्याने शाळेत स्वदेशीवर निबंध लिहिले त्या माणसाला, परदेशात उभे राहून, आपल्या रुपयाला नकार द्यायचा, ही कल्पनाच जड जाते.

साडूभाऊंनी माझे मनगट धरले. इतक्या जोराने त्यांनी ते यापूर्वी एकदाच धरले होते, माझ्या लग्नात. “दहा हजार दोनशे वीस भात,” ते हळू आवाजात म्हणाले, “अडीचने पंचवीस हजार पाचशे पन्नास. हा मागतो आहे सत्तावीस हजार चारशे ऐंशी. एकोणीसशे तीस रुपये नुसते मराठीत बोलल्याबद्दल.” मराठीत यंत्र बोलत नव्हते, पण त्यांचा आशय बरोबर होता. आपल्या चलनात हिशेब करू देण्याची ही सोय म्हणजे त्या यंत्रवाल्याला आपल्या मर्जीचा भाव लावण्याची मुखत्यारी होय. शिवाय ती दिल्यावर घरची एखादी बँक ‘व्यवहार परदेशात झाला’ म्हणून आपलाही आकार लावायला कमी करीत नाही. नकार दिला तर कार्डाच्या जाळ्याचा भाव लागतो, त्यावर आपल्या बँकेचा साडेतीन टक्के चढाव. एवढे पत्करूनही ते पुष्कळ स्वस्त. दुकानात, उपाहारगृहात, कार्ड घासण्याच्या छोट्या यंत्रावरही हाच प्रश्न येतो, आणि पुष्कळदा दुकानदार तो आपल्याला न विचारता परस्परच ‘होय’ करून टाकतो. म्हणून पावतीवर रुपया दिसला की सही करण्यापूर्वी हरकत घ्यावी, असा साडूभाऊंचा दंडक आहे. सावकार निदान हुंडणावळ हुंडणावळ म्हणून घेत असे. याने मात्र माझ्या घरचा शब्द शिकून मला दारात गाठले होते, आणि खरे सांगायचे तर दोनशे वीस भातांपेक्षा मला ते जास्त लागले.

साडूभाऊंनी कोपऱ्यातले फिकट बटण शोधून दाबले. यंत्राने पुन्हा विचारले, खात्री आहे ना? त्यांनी पुन्हा दाबले. क्षणभर काहीच झाले नाही, आणि त्या क्षणात आमच्या चौघांच्याही मनात आपण काही अपराध केला की काय अशी शंका येऊन गेली. मग आत घरघर झाली आणि हजाराच्या दहा नोटा बाहेर आल्या. यंत्राशी घासाघीस करता येत नाही, हे माझे मत त्या दिवशी मी मागे घेतले.

परतताना विमानतळावर, पारपत्राची तपासणी संपल्यावर, समुद्रमंथनाचे भव्य शिल्प लागते: वासुकीला धरून एका बाजूस देव, दुसऱ्या बाजूस दानव, आणि वर विष्णू. याच मंथनातून लक्ष्मी निघाली, असे ताईंनी हात जोडत सांगितले. माझ्या खिशात त्या वेळी दहा भातांची सव्वीस नाणी होती, ती वजनाने जाणवत होती. नाणी कोणीच बदलून देत नाही. ती आता आमच्या घरी सत्यनारायणाच्या सुपारीच्या डब्यात आहेत.

पुण्यास आल्यावर तिसऱ्या दिवशी साडूभाऊ बँकेचा खातेउतारा घेऊन आले. चेहरा उतरलेला होता. दहा हजार भातांची नोंद त्यांच्या हिशेबाशी पैसा न पैसा जुळत होती. चढाव ठरल्याइतका, शुल्क ठरल्याइतके. परंतु त्याखाली, एकाखाली एक, तीन ओळी होत्या, प्रत्येकी साडेएकोणतीस रुपयांच्या. आम्ही बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलो. मग मला आठवले की, नदीच्या धक्क्यावरून निघाल्यावर साडूभाऊ त्या दिवशी तीन वेळा कुठल्या ना कुठल्या यंत्राशी थांबले होते. पैसे काढण्यासाठी नव्हे. कोणी काही जादा कापले नाही ना, एवढे पाहण्यासाठी. परदेशात शिल्लक विचारण्याचे पंचवीस रुपये, त्यावर अठरा टक्के.

“अठ्ठ्याऐंशी रुपये पन्नास पैसे,” साडूभाऊ म्हणाले. ताई आतून चहा घेऊन आल्या, कप ठेवून गेल्या. साडूभाऊंनी हात लावला नाही. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली, तिन्ही ओळींवरून ती हळूहळू खाली आणली, ओठांतल्या ओठांत पुटपुटत पुन्हा एकदा वर नेली.

“बेरीज मात्र बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी आकड्यापुढे बरोबरची खूण केली.